फौजेचा हिरवा डबा

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. दारामागच्या खिळ्याला प्लास्टिकच्या पिशव्या साठतात ना, तसं असतं ते. एकात एक, एकात एक, आणि एक ओढायला जावं तर दहा अंगावर येतात. मी परदेशातल्या एका फौजेच्या कॅम्पात तीन महिने फुकट राबून आलो, त्याला बरीच वर्षं झाली. पण लातुरात टपरीवर कुणी नुसतं 'फौज' म्हटलं की सगळे माझ्याकडं बघतात. टपरीवाला तर न विचारता दुसरा चहा ठेवतो. त्याला माहीत हाय, सरांचं हे तासाभराचं काम हाय!

देशाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं की लोक आधी त्या देशावरच वाद घालत बसतात आणि किस्सा राहतो बाजूला. आमच्या घरच्यांनी तर तो देश म्हणजे दुबईच, असं ठरवून टाकलंय.

*

आधी आम्ही गेलो कसे ते ऐका.

मी तेव्हा लातुरातल्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो. क्लासचा जमाना नुकताच तेजीत आला होता. गल्लीगल्लीत होस्टेल, भिंतीभिंतीवर टॉपरचे फोटो. माझा एक जुना विद्यार्थी परदेशात स्थायिक झालेला. त्यानं फोनवर सहज सांगितलं, "सर, इथली फौज मदतीच्या सामानाचं मोठं गोदाम चालवते. कुठंही पूर आला, भूकंप झाला की तंबू, ब्लँकेट, औषधं तिथून जातात. सुट्टीत साधी माणसं पण तिथं कामाला घेतात. पगार नाही, बंदूक नाही. जेवण, खाट आणि एक जोडी कपडे."

मी ते टपरीवर गंमत म्हणून सांगितलं. सगळे हसले. एकटे किसनकाका हसले नाहीत.

किसनकाका म्हणजे झेडपीच्या शाळेतले रिटायर्ड शिपाई. गाव औशाकडचं, भूकंपात सगळं घर गेलं, मग लातुरात आले. ते म्हणाले, "सर, देशाचं नाव परत सांगा बरं."

मी सांगितलं. ते उठून निघून गेले. अर्ध्या तासानं आले ते हातात एक डबा घेऊन. हिरवा, घागरीएवढा, कडीच्या झाकणाचा. त्यावर पांढऱ्या रंगात परदेशी अक्षरं.

"हेच लोक का?"

हेच लोक होते!

भूकंपानंतर त्या फौजेच्या डॉक्टरांची एक तुकडी काकांच्या गावाजवळ तंबू टाकून होती. त्यातला एक उंच जवान रोज सकाळी ह्या डब्यातून तंबूतंबूला दूध वाटायचा. एक दिवस काकांच्या मंडळींनी, सुगंधाबाईंनी, त्याला चहा दिला. आजूबाजूला गावातली चार माणसं उभी होती. त्या माणसांनी ह्या घरचं पाणीसुद्धा कधी घेतलं नव्हतं. जवान खाली मातीत मांडी घालून बसला, चहा पिला, आणि कप पुढं करून आणखी मागितला! दुसऱ्याच दिवशी तुकडी घाईत हलली आणि डबा सुगंधाबाईंकडंच राहिला.

"तवापासून तिचं एकच चालू होतं," काका म्हणाले. "डबा परत द्यायचाय, अन् रिकामा न्हाई, भरून द्यायचाय. गेल्या साली ती गेली. जाताना बी म्हणली, डबा तेवढा पोचवा. मी हाव म्हणलो, सर. आता हाव म्हणून कसं बसून राहू?"

मी डोक्याला हात लावला. पण सांगतो, त्या माणसाच्या तोंडाकडं बघून 'नाही' म्हणायची माझी छाती झाली नाही.

तिसरे शकूरभाई. हे नांदेडचे, मंडपाचं कापड शिवायचा पिढीजात धंदा. भूकंपाच्या वेळी स्वतःची मशीन टेम्पोत टाकून तंबू शिवायला आले होते, तेव्हापासून काकांचे जिगरी. त्यांना कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "किसन अकेला जातोय परदेशात? मग मी काय इथं बसून टाके मारू?"

*

कॅम्पाच्या गेटवरच पहिला गोंधळ.

काकांच्या सूनबाईनं डबा शेंगदाण्याच्या चटणीनं काठोकाठ भरला होता. लसूण सढळ, तिखट त्याहून सढळ. गेटवर सामान हुंगायला एक भलं मोठं कुत्रं. त्यानं माझी बॅग हुंगली, शकूरभाईंची हुंगली. मग डब्याला नाक लावलं आणि असं शिंकलं म्हणता, की मागच्या पायांवर बसलंच! पुन्हा शिंकलं. पुन्हा.

जवान सावध झाला. झाकण उघडायला लावलं, स्वतः वाकला आणि स्वतः शिंकला.

"काय आहे हे?"

"खायचं आहे," मी इंग्रजीत सांगितलं.

त्याचा विश्वास बसेना. काकांनी चिमूटभर चटणी आधी स्वतःच्या तोंडात टाकली, मग त्याच्या हातावर ठेवली. त्यानं खाल्ली. कान लाल झाले, डोळ्यांत पाणी आलं, अर्धी बाटली पाणी संपवलं. आणि बाटली खाली ठेवून पुन्हा हात पुढं केला!

आमची चौकशी झाली दहा मिनिटं. चटणीची झाली अर्धा तास.

*

आता गोदामाच्या बाई. त्या सार्जंट होत्या. नाव असं की आमच्या जिभेवर बसेना, म्हणून आम्ही त्यांना स्टोअरबाई म्हणायचो. धिप्पाड बाई, गळ्यात साखळीचा चष्मा, आणि कागदाशिवाय सुतळीचा तोडासुद्धा द्यायच्या नाहीत.

काका पहिल्याच सकाळी डबा घेऊन त्यांच्यापुढं उभे. "जय भीम, बाई. तुमचा डबा आणलाय."

मी भाषांतर केलं. सगळी हकीकत नाही, डबा परत करायचाय एवढंच. बाईंनी चष्मा लावला, अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, "ही वस्तू मदत म्हणून दिलेली आहे. दिलेली मदत परत घ्यायचा फॉर्म आमच्याकडं नाही."

काकांची उभी नोकरी झेडपीत गेलेली. ते जराही डगमगले नाहीत. "फॉर्म नसंल तर काढा म्हणावं. आमच्याकडं बी आधी न्हाईच म्हणतेत. मग दोन-चार चकरा मारल्या की कुठून तरी निघतोच."

"इथं निघत नाही," बाई म्हणाल्या.

"मग मी रोज येतो म्हणावं!"

आणि खरंच रोज जायला लागले. ड्युटीच्या आधी डबा हातात घेऊन दारात उभे राहायचे. "जय भीम, बाई." बाई मान वर न करता म्हणायच्या, "नो." काका मान डोलवायचे आणि कामाला लागायचे. घड्याळ लावून घ्यावं, इतकं वेळेवर.

तिकडं गेटवरच्या जवानानं बोभाटा केला होता. संध्याकाळी जेवणाला आमच्या टेबलाभोवती गर्दी व्हायला लागली. मागणाऱ्याला नाही म्हणायचं काकांच्या रक्तात नाही. आठच दिवसांत डबा खडखडीत!

शकूरभाईंनी आत डोकावून बघितलं. "किसन, आता बाईनं हाव म्हटलं तरी तुझी पंचाईत रे."

*

सकाळी बराकीचं इन्स्पेक्शन असायचं. खाटेची चादर ताठ, बूट एका रेघेत. एक कॅप्टन यायचा, तरणाबांड, पण चेहऱ्यावर कायम परीक्षेचा निकाल लागल्यासारखा भाव.

त्यानं काकांच्या खाटेखाली बघितलं. पालथा तांब्या, त्यावर ताटली, ताटलीत चार चमचे.

"हे काय?"

तुम्हाला सांगायला नको. भूकंपानंतर आपल्याकडं घराघरात हेच होतं. जमीन हलली की भांडी पडणार आणि माणसं बाहेर पळणार. काकांची ती सवय सुटलीच नव्हती. मी कॅप्टनला म्हणालो, "सर, हा आमच्याकडचा भूकंपाचा अलार्म."

"चालतो?" असं म्हणून त्यानं बुटाच्या टोकानं जरासा धक्का दिला.

खणणणण!

काका पलीकडं पाठ करून बुटाची नाडी बांधत होते. त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. हाताला जो माणूस लागला त्याचं मनगट धरलं आणि दारातून थेट मैदानात! तो माणूस म्हणजे कॅप्टन. त्यांच्यामागं शकूरभाई, अर्ध्या गालाला साबण. त्यांच्यामागं मी, चप्पल न घालता. मैदानाच्या मधोमध आम्ही चौघं उभे, आणि काकांनी कॅप्टनचं मनगट अजून सोडलेलं नव्हतं. नजर पायाखालच्या जमिनीवर.

मला वाटलं, आता सगळ्यांची बोचकी बांधा. कॅप्टननं मागं बराकीकडं बघितलं, मग हातातल्या घड्याळाकडं.

"आमच्या ड्रिलला ह्याच्या तिप्पट वेळ लागतो," तो म्हणाला. मग दुसरा हात काकांच्या हातावर ठेवून हळूच म्हणाला, "काही झालं नाही. जमीन जागेवर आहे."

दुसऱ्या आठवड्यात त्याच्या स्वतःच्या खाटेखाली, तांब्या नव्हता म्हणून, त्यानं कॉफीचा मग पालथा घातलेला आम्ही डोळ्यांनी बघितला!

*

आता माझंही ऐका, नाहीतर म्हणाल सर तिथं नुसते भाषांतर करत बसले.

आमचं काम औषधांच्या पेट्या भरायचं. पेटीत चाळीसच्या वर वस्तू, ठरलेल्या क्रमानं. आमच्याबरोबर शिक्षा म्हणून पाठवलेले काही जवान असायचे, त्यांचं लक्षच नसायचं. एकीत पट्ट्या दोनदा, दुसरीत कात्रीच नाही. स्टोअरबाई रोज ओरडायच्या.

मला राहवेना. लातूरचा मास्तर मी! यादीचे पाच भाग पाडले. रोज एक भाग पाठ, शुक्रवारी टेस्ट, चुकला त्याला त्याच भागाची रिव्हिजन. आठवड्याच्या शेवटी रँकलिस्ट भिंतीवर. जवान आधी फिदीफिदी हसले. तिसऱ्या आठवड्यात दोघं जण माझ्याकडं येऊन 'आमचा अर्धा मार्क कापलात' म्हणून भांडायला लागले, तेव्हा मी ओळखलं की लातूर पॅटर्न लागू झाला!

मग मी शेवटचा हात मारला. पहिल्या आलेल्या जवानाचा फोटो मोठा करून घेतला आणि गोदामाच्या दारावर लावला. खाली त्याचं नाव, मार्क आणि 'हार्दिक अभिनंदन'. मराठीतच!

त्या पोराचा फोटो त्याच्या अख्ख्या आयुष्यात कुणी भिंतीवर लावला नव्हता. त्यानं आईला बोलावून घेतलं. माउली तीन तास बसचा प्रवास करून आली, फोटोपुढं उभी राहिली आणि मला विचारलं, "हा पुढं काय करू शकेल?"

परदेशात असो नाहीतर लातुरात, आई एकच प्रश्न विचारते!

*

शकूरभाईंचा किस्सा छोटा आहे.

ते तंबू दुरुस्त करायचे. पण जवानांच्या ढगळ पँटी बघून त्यांचा जीव तळमळायचा. "सर, कपडा बढिया हाय यांचा, पण शिलाई? तौबा! फौज हाय का गोणपाटाचं दुकान?" एकाची पँट त्यांनी फिटिंग करून दिली. दुसरा आला. मग रांगच. टेप नाही, काही नाही, नुसती वीत आणि नजर.

महिन्यानं मोठे साहेब, कर्नल, पाहणीला आले. रांगेतून चालत गेले, पुन्हा उलटे चालत आले. "ह्या तुकडीला काय झालंय? हे लोक इतके बरे कसे काय दिसतायत?"

दुपारी कर्नलसाहेबांचा ड्रायव्हर गुपचूप एक पिशवी देऊन गेला. आत साहेबांच्या तीन पँटी. आणि ह्या मात्र कमरेत सैल करायच्या होत्या!

शकूरभाईंनी सैल केल्या. किती, ते कुणाला शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी फार मागं लागलो तेव्हा म्हणाले, "सर, दर्जीच्या पोटात गावाची पोटं असतात. ती बाहेर काढायची न्हाईत."

*

दुसऱ्या महिन्यात काकांना ताप भरला. सकाळी उठवेना. डबा खाटेजवळ तसाच. काकांना तापापेक्षा त्याचाच घोर. "सर, आज चक्कर चुकली. बाई म्हणंल, म्हातारा दमला."

नऊ वाजता बराकीच्या दारात स्टोअरबाई उभ्या! गोदाम सोडून त्या कधी कुठं गेलेल्या कुणी बघितल्या नव्हत्या. आत आल्या, काकांच्या कपाळाला हात लावून बघितला आणि ताठ उभ्या राहिल्या.

"जय भीम," त्या म्हणाल्या. अगदी स्पष्ट.

काका उठून बसायला लागले. "जय भीम, बाई!"

"नो," बाई म्हणाल्या, आणि निघाल्या.

काका तापातसुद्धा खदाखदा हसले. मी मात्र बाईंच्या मागं बाहेर पळालो आणि त्या दिवशी पहिल्यांदा सगळं सांगून टाकलं. सुगंधाबाई, तो मातीत बसून चहा पिणारा जवान, ती बघत राहिलेली चार माणसं, मरताना घेतलेला शब्द. आणि हेही सांगितलं की आमच्याकडं दुसऱ्याचा डबा कधी रिकामा परत करत नाहीत. बाईंनी चष्मा काढला, पुसला, बराच वेळ पुसला.

"पण फॉर्म नाहीच आहे," त्या म्हणाल्या.

*

जायचे दिवस जवळ आले आणि काकांना एकच ध्यास. डबा तरी भरून ठेवायचा. शेंगदाणे बाजारात मिळाले, लसूण स्वयंपाकघरातून, मिरच्या शकूरभाईंनी कुठून पैदा केल्या अल्ला जाणे. पण कुटायचं कशात? काका मिक्सरचं नाव काढू देईनात. "तिनं मिक्सरची कधी दिली असती का?"

गोदामामागं तोफगोळ्यांची जुनी रिकामी पितळी नळकांडी पडलेली असायची, शोभेच्या कुंड्या करायला ठेवलेली. काकांनी एक उचललं, राखेनं घासलं, गरम पाण्यानं तीनदा धुतलं. तंबूची एक गुळगुळीत लोखंडी पहार घेतली. आणि सुरू. ठण, ठण, ठण!

पाच मिनिटांत चार जवान हेल्मेट घालून धावत आले, पाठोपाठ तो कॅप्टन. बघतात तर काय, म्हातारा मांडी घालून बसलाय, पुढं तोफगोळ्याचं नळकांडं, आणि वास असा की सगळ्यांच्या नाकाला पाणी.

कॅप्टन माझ्याकडं वळला. "ह्या वस्तूचा असा वापर नियमात बसतो?"

मी तोंड उघडायच्या आत काकांनी त्याच्या हातावर चिमूटभर ठेवली. कॅप्टननं ती खाल्ली आणि जवानांना म्हणाला, "मी काही बघितलं नाही. तुम्ही बघितलं का?"

सगळे माना हलवत रांगेत उभे राहिले. हात पुढं करून!

"आता न्हाई!" काका पहिल्यांदाच कुणाला तरी नाही म्हणाले. "ही बाईची हाय."

*

शेवटची सकाळ. बस उभी. काका धुतलेले कपडे घालून, भरलेला डबा दोन्ही हातांत धरून गोदामाच्या दारात.

"जय भीम, बाई."

बाईंनी मान वर केली. उठल्या. आणि काही न बोलता काकांच्या हातातून डबा घेतला, आत गेल्या, दार लावून घेतलं!

मी आणि शकूरभाई एकमेकांकडं बघतच राहिलो. काकांचं तोंड असं फुललं होतं, की सुगंधाबाई असत्या तर दृष्ट काढली असती. बसवाला हॉर्न देत होता. पंधरा मिनिटं गेली. दार उघडलं. बाई डबा घेऊन बाहेर आल्या. झाकणावर चारी बाजूंनी चिकटपट्टी. डबा त्यांनी काकांच्या हातात ठेवला. जड, होता तसा.

"नो," त्या म्हणाल्या, आणि पाठ फिरवून आत गेल्या.

काका डबा मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. भरला डबा तसाच परत करणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे का? घरचं अन्न नाकारलं, झालं. शकूरभाईंनी डबा पोत्यात घालून शिवला आणि सामानात टाकला. मला त्या बाईचा असा राग आला होता की काय सांगू. लातूर येईपर्यंत काका एकदाच बोलले. "वर गेल्यावर तिला काय सांगू, सर?"

घरी पोचलो. सूनबाईनं चहा टाकला. काका म्हणाले, "त्यो डबा ठिव माळ्यावर. नजरंसमोर नगं."

सूनबाईनं पोत्याची शिवण उसवली, डबा उचलला आणि थबकली. "मामा, ह्याचा वास येगळाच येऊन राहिला."

"कामून? चटणीच हाय."

"न्हाई बगा, चटणीचा न्हाई."

तिनं चिकटपट्टी सोडली, कडी काढली. आत काठोकाठ सुके अंजीर, अक्रोड आणि घरी भाजलेली बिस्किटं. एकावर एक, नीट रचून. चटणीचा एक कण नाही. वर घडी घातलेला एक कागद.

कागद फॉर्म होता. टाइप केलेला, शिक्का मारलेला, खाली सही. मी वाचून दाखवला.

"वस्तू : डबा, हिरवा, एक. परत मिळाला : भरलेला. परत दिला : भरलेला."

काका म्हणाले, "अजून एकदा वाचा."

मी वाचला. काकांनी भिंतीवरच्या सुगंधाबाईंच्या फोटोकडं बघितलं, खांद्यावरच्या उपरण्यानं डोळे पुसले आणि मग कपाळावर हात मारला.

"लई खमकी निघाली की ही बाई! सर, तुमच्या त्या जुन्या विद्यार्थ्याला फोन लावा. म्हणावं, पुढची बॅच कवा हाय?"

मग आत तोंड करून हाक मारली, "सूनबाई, शेंगदाणे भाजायला घे!"